धोंड्यात जिंकलेला डाव

अंथुर्णे, ता. इंदापूर
गुरुवार, जेवणं झाल्यावर

प्रिय साडूभाऊ रविराजराव यांस,

अंथुर्ण्याहून रामहरीचा राम राम. (तुम्ही वयानं धाकटे, तेव्हा खरं तर मी आशीर्वाद लिहायचा आणि तुम्ही नमस्कार. पण तुम्ही बारामतीला पंख्याखाली खुर्चीत बसून पगार घेणारे आणि मी उसाच्या बांधावर उभा राहणारा, म्हणून मधला मार्ग काढून राम राम लिहिला आहे. कमी वाटला तर कळवावं, वाढवून देईन.) आमच्याकडे सगळं ठीक. ऊस कमरेला लागला, कुशाबाईचा गुडघा होता तसाच दुखतो. तुमची ॲसिडिटी कशी आहे? बसून काम करणाऱ्यांना ती होतेच, त्यात तुमचा काही दोष नाही. उत्कर्षाला आशीर्वाद. धोंड्यात मिळालेल्या पोशाखात तुमचा फोटो तिनं स्टेटसला ठेवला होता, तो आम्ही पाहिला. कुशाबाईनं दोनदा पाहिला. मी एकदाच पाहिला, पण मोठा करून.

हे सगळं फोनवर लिहिता आलं असतं. पण तुमचा फोन उत्कर्षा वाचते आणि उत्कर्षानं वाचलेलं कुशाबाईला तव्यावरची भाकरी उलटायच्या आत कळतं. (दोघी बहिणींत चांगलं पंधरा वर्षांचं अंतर आहे, पण बातमीला ते कधी आड आलं नाही.) म्हणून कागदावर लिहून, पाकीट डिंकानं चिकटवून, दुधाच्या गाडीवरच्या सूरजच्या हाती तुमच्या कंपनीच्या गेटवर पाठवतो आहे. वाचून झालं की फाडावं. फाडायचा आळस आला तर निदान घरी नेऊ नये.

आता मुद्द्याचं. रविराजराव, मला तुमचा हेवा वाटतो. हे मी स्पष्टच लिहितो, कारण मनात ठेवून ठेवून मलाही तुमच्यासारखी ॲसिडिटी व्हायला लागली आहे. तुमच्या चारचाकीचा हेवा नाही. तुमच्या फ्लॅटचा नाही (तिसऱ्या मजल्यावर राहायचं आणि कोथिंबीर कुंडीत लावायची, यात हेवा करण्यासारखं काय आहे?). हेवा आहे तो मामांवरून. तुम्ही या घरचे जावई झालात त्याच्या कितीतरी आधीपासून मी दर रविवारी दुपारी कळसला जाऊन आपल्या सासऱ्यांशी, म्हणजे बापूसाहेबमामांशी, बुद्धिबळ खेळत आलो आहे. हे तुम्हाला माहीत आहे. तरी पुन्हा लिहितो, कारण तुम्ही ते विसरल्यासारखं वागता. मामांचा तो कापडी पट, त्यांच्या वडलांनी मेंढरांमागं हिंडताना घोंगडीत गुंडाळून नेलेला. एका हत्तीच्या जागी ट्रॅक्टरचा नट आणि एका उंटाच्या जागी सुपारी. (सुपारी दर दिवाळीला नवी लागते, कारण मामी विसरून ती कातरतात.) इतक्या वर्षांत मामांनी मला एकदाही जिंकू दिलं नाही. नुसतं हरवून ते थांबत नसत. कुठं चुकलो ते समजावून सांगत, आणि तेही मामींच्या देखत. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. दोन्ही मेव्हणे पुण्याला, त्यांना घोडा किती घरं जातो हेही ठाऊक नाही. मामांना समोर हरणारं घरचं माणूस लागतं, आणि ते माणूस मी होतो.

मग गेल्या दिवाळीला तुम्ही मामांना मोठ्या पडद्याचा फोन दिलात. (मी त्याच दिवाळीला ब्लँकेट दिलं होतं. ते कुठं आहे याची कोणी चौकशी केलेली नाही.) नुसता फोन देऊन थांबला असतात तर मी काही बोललो नसतो. पण तुम्ही त्यात बुद्धिबळ घालून दिलंत, नवे नियम शिकवलेत, आणि बारामतीत बसून त्यांच्याशी खेळायला लागलात. पुढच्या रविवारी मी नेहमीप्रमाणं कळसला गेलो, चपला काढल्या, हातपाय धुतले, तर मामा ओट्यावर फोन डोळ्यांजवळ धरून बसलेले. मान वर न करता म्हणाले, “बसा रामहरीराव. रविराजचा डाव चाललाय. त्येला घड्याळ लावलेलं असतंय, थांबता येत न्हाय.” मी बसलो. एक डाव झाला, दुसरा लागला. मामींनी चहा दिला, मग पुन्हा दिला. तिसरा चहा त्यांनी माझी दया येऊन दिला, ते चवीवरूनच कळलं, साखर दुप्पट होती. पट समोर खुंटीला पिशवीत लटकत होता. दिवस मावळायच्या आत मी गाडीला किक मारली. मामांनी फोनमधून मान न काढताच ‘बरं बरं’ म्हटलं. ते मला म्हटलं की तुम्हाला, हे मला आजतागायत समजलेलं नाही.

त्यानंतरचे रविवार मी घरीच काढले. शेवटी कुशाबाईच म्हणाली, “दाराकडं बघत बसण्यापरीस तुमी बी शिका की त्या फोनवरलं.” तेव्हा ठरवलं की आपणही शिकायचं, तुमच्यापेक्षा वरचढ व्हायचं आणि मामांनी आपणहून ‘रामहरीराव, आमच्याशी खेळा’ म्हणून सांगावा धाडेपर्यंत गप्प राहायचं. स्टँडवर नागेशचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यानं माझ्या फोनमध्ये सगळं जोडून दिलं. पहिलाच डाव कुठल्या तरी परदेशी माणसाशी लागला. झेंडा हिरवा-पांढरा होता, देश कोणता ते नागेशलाही सांगता येईना. आता समोर माणूस आला की आधी राम राम करायचा आणि त्यानं उलट राम राम केल्याशिवाय सोंगटीला हात लावायचा नाही, हे तुम्हाला काय सांगायचं. मी लिहिलं, ‘राम राम’. तो गप्प. मला वाटलं, भाषेची अडचण असेल, म्हणून ‘नमस्कार’ लिहिलं. तरी गप्प. मग ‘जेवण झालं का’ असं नागेशकडून इंग्रजीत लिहून घेतलं. तेवढ्यात माझी वेळ संपली आणि मी हरलो. एकही सोंगटी हलली नव्हती. (मागाहून विचार केला, तिकडं रात्र असेल, जेवण होऊन तो झोपायच्या बेतात असेल.)

दुसऱ्या डावापासून राम राम मनातल्या मनात करायला लागलो. पण तिथं वेगळीच गोष्ट निघाली. आपल्या खेळात राजाला एकदा अडीच घरं उडी मारता येते, हे मामांनीच मला शिकवलेलं. शह बसायच्या आधी राजा उडवून कोपऱ्यात नेऊन ठेवायचा, ही माझी एकुलती एक हुशारी. ॲपमधला राजा उडेना. मी बोटानं ओढतोय आणि तो परत जागेवर येऊन बसतोय. मला वाटलं पडदा बिघडला. नागेशनं पडदा पुसला, फोन बंद करून चालू केला, तरी राजा तसाच. त्यांची प्यादी मात्र पहिल्याच झटक्यात दोन घरं पळतात. आणि आपलं दोन घरं पळालं तर शेजारचं येऊन ते तिरकं मागून खातं. मी समोरच्या माणसाला ‘अशी लबाडी बरी नव्हे’ असं लिहिलं होतं, तेव्हा नागेशनं सांगितलं की जगभर हाच नियम आहे. म्हणजे जगभर हाच नियम होता आणि मामा तो शिकून मोकळे झाले होते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसानं राजाची उडी सोडली आणि मला साधं कळवलंही नाही, याचं मला फार वाईट वाटलं. तुमच्यासाठी सोडली, म्हणून जास्त वाटलं.

बरं, घरी खेळावं तर कुशाबाई मधेच दळण आणायला पिटाळते, म्हणून मी स्टँडवर चहाच्या टपरीसमोर खेळू लागलो. पण आमच्या गावात बैल घ्यायचा असो की सोयरीक जुळवायची असो, एकट्यानं ठरवायची पद्धत नाही. बिरदेव डाव्या खांद्यावरून बघायचा, दादासो उजव्या. बिरदेव म्हणायचा, “वजीर काढा भाईर, घरात बसवून काय त्येची पूजा करायचीय व्हय?” दादासो म्हणायचा, “आरं, आधी घोड्याचं बघा, त्यो उपाशी हाय.” मग घोडा उपाशी कशावरून, यावर त्या दोघांची जुंपायची. दोघांचंही मन मोडता येत नाही (बिरदेवकडून पाण्याची पाळी बदलून घ्यावी लागते आणि दादासो भावकीतला), म्हणून एक चाल याची, एक चाल त्याची, असं करत डाव पुढं जायचा. वजीर बाहेर काढायचा आणि पुढच्या चालीला घोड्याकडं बघायचं, तोवर वजीर गेलेला असायचा. ॲप अशा चालीखाली दोन लाल प्रश्नचिन्हं काढतं. माझ्या एका डावात इतकी प्रश्नचिन्हं होती की चहावाल्यानं विचारलं, ही परीक्षा आहे का. सुरुवातीला चारशेवर असलेलं माझं रेटिंग दोनशेच्या खाली आलं. नागेश म्हणाला, याच्या खाली फक्त ज्यांना खेळता येत नाही तीच माणसं आहेत.

तरी मी सोडलं नाही. ॲप मला रोज शाबासकी देत होतं. आज आलात, अभिनंदन. कालही आला होतात, अभिनंदन. एवढं कौतुक मला लग्नातसुद्धा कुणी केलं नव्हतं. बांधावर बसून कोडी सोडवू लागलो. एकदा उसाला पाणी सोडून असाच बसलो होतो, दोन चालींत मात करायची होती आणि पहिली चाल सापडत नव्हती. ती सापडली तेव्हा पाणी माझ्या सऱ्या भरून शेजारच्या धोंडाबाईच्या वांग्यांत गेलं होतं. धोंडाबाई बांधावर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “रामहरी, तुजा राजा वाचला का न्हाय मला ठावं न्हाय, पर माजी वांगी बुडाली.” मी म्हटलं, राजा माझा नव्हता, समोरच्याचा होता. यावर ती जे बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून आमच्याकडं वांगी विकत आणावी लागतात.

आणि माझी प्रेरणा कोण म्हणाल, तर तुम्ही. रोज सकाळी दात घासायच्या आधी मी तुमचं रेटिंग बघत होतो. माझं पन्नासनं वाढलं की आनंद व्हायचा, आणि तुमचं दहानं वाढलेलं दिसलं की तो जायचा. चढत चढत मी पुन्हा चारशेच्या वर आलो, एकदा तर एका गृहस्थाला सहा मोहरी राखून मात दिली (तो शाळकरी पोरगा निघाला, पण मात ती मात). तुम्ही तेव्हा हजाराला टेकला होतात. मग एक दिवस नागेशनं दाखवलं की दुसऱ्याचे जुने डावही उघडून बघता येतात. शेजाऱ्याचा ऊस किती वाढला ते कुंपणावरून बघावं तसे मी तुमचे डाव बघायला बसलो. परक्यांशी तुम्ही चांगलं खेळता, हे मान्य करतो. पण मामांशी खेळलेले डाव उघडले आणि मी उठून उभा राहिलो. प्रत्येक डावात, रविराजराव, अगदी प्रत्येक डावात तुम्ही तुमचा वजीर मामांच्या तोंडासमोर नेऊन ठेवला होता.

आधी मला उकळ्या फुटल्या. म्हटलं, सापडले. आता कळसला जायचं आणि मामांना सांगायचं, तुमचा लाडका जावई तुम्हाला पोरासारखं खेळवतो. गाडीवर बसलो, किकही मारली. पण गाडी तिथंच ठेवून परत आलो, कारण सांगितलं असतं तर मामांचं तोंड उतरलं असतं, आणि मला तुमचं उतरलेलं पाहिजे होतं. शिवाय घरी येऊन विचार करता करता वेगळंच मनाला लागलं. कामावरून दमून आलेला माणूस सासऱ्याला बरं वाटावं म्हणून रोज हरतो, हे मला सुचलं नव्हतं. मी इतकी वर्षं हरलो ते मला येत नव्हतं म्हणून. तुम्ही हरता ते येत असून. म्हणजे हरण्यातसुद्धा तुम्ही माझ्या पुढं निघून गेलात. त्या दिवशी मला भाकरी गोड लागली नाही.

आणि मग आला धोंड्याचा महिना. तीन वर्षांनी येणारा अधिक, त्यात जावयाला देव मानायचं, पुरणाचे धोंडे घालायचे, पोशाख द्यायचा, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. तुम्ही सुट्टी बघून पहिल्याच रविवारी जाऊन आलात. पाण्याच्या पाळीमुळं आम्ही अगदी शेवटी गेलो. मामींनी पाटावर बसवलं, ओवाळलं, तूप वाढताना माझं ‘पुरे’ ऐकलंच नाही. पोशाख छान आहे. (तुमच्या शर्टाचं कापड किंचित भारी वाटतं, पण ते फोटोतल्या उजेडामुळं असेल, असं कुशाबाई म्हणते.) जेवण झाल्यावर मी पान खात बसलो होतो, तर मामांनी आपणहून फोन उशीखाली ठेवला, खुंटीवरची पिशवी काढली आणि माझ्यासमोर पट अंथरला. म्हणाले, “चला जावईबापू, लई दिवस झालं.” रविराजराव, मी लहान मूल नाही, नातवंडं खेळवायचं वय झालं, पण त्या क्षणी मी मोठ्यानं ओरडलोच असतो. पान तोंडात होतं म्हणून निभावलं.

जुन्याच नियमांनी खेळलो. राजा उडवला, कोपऱ्यात नेला. आणि डाव मध्यावर आला असताना मामांनी त्यांचा वजीर उचलला आणि माझ्या प्याद्यासमोर ठेवला. मी दोनदा बघितलं. मामा आढ्याकडं बघत होते. मी वजीर मारला आणि पुढं काही चालींत, आयुष्यात पहिल्यांदा, मामांवर मात केली. मामींनी टाळ्या वाजवल्या. मी इतका खूश झालो की अनारसे घ्यायलाच विसरलो, ते द्यायला मामा मागून धावत आले. परत येताना कुशाबाई गाडीवर मागं बसली होती. अर्ध्या वाटेपर्यंत मी तिला तो डाव सांगत होतो, घोडा कुठं होता, प्यादं कुठं होतं. ती ऐकत होती. मग सहज म्हणाली, “धोंड्यात जावयाला कुणी हरवतं व्हय?”

बस. तिनं काही मुद्दाम बोचावं म्हणून म्हटलं नव्हतं, रीत सांगितली. पण मला कळून चुकलं की पोशाख, अनारसे, तूप आणि तो डाव, सगळं एकाच ताटातलं होतं. इतकी वर्षं ज्यांनी मला कधी सोडलं नाही, भर मामींसमोर माझ्या चुका काढल्या, त्यांनी या वेळी मला पाहुणा मानलं. आता सगळा हिशेब बघा. तुम्ही मामांसमोर मुद्दाम हरता, मामा माझ्यासमोर मुद्दाम हरतात, आणि या सगळ्या घराण्यात मनापासून हरणारा मी एकटाच आहे. मला जिंकायचं नव्हतं, रविराजराव. मला मामांनी पूर्वीसारखं हरवायला पाहिजे होतं. घरी आल्यापासून अनारसे डब्यात तसेच आहेत, कुशाबाई एकेक खाते.

असो. पत्र फार लांबलं, वाचताना तुमच्या कामाचा खोळंबा झाला असेल तर मला बरंच वाटेल. ॲसिडिटीला सकाळी थंड दूध घ्यावं. उत्कर्षाला या पत्राबद्दल काही सांगू नये, बाकी सगळं सांगावं. कळावे, लोभ आहे तो असावा, त्यातला मामांच्या वाटणीचा थोडा इकडं सोडावा.

आपला थोरला साडू,
रामहरी

ता. क. : एवढं सगळं लिहिलं, पण विचारायचं होतं ते राहिलंच. तुम्ही पहिल्या रविवारी धोंड्याला गेलात तेव्हा मामांनी तुमच्याशीही पटावर डाव मांडला असेल. तेव्हा त्यांनी तुम्हाला जिंकू दिलं, की हरवलं? खरं लिहावं. जिंकू दिलं असेल तर आपण दोघं सारखेच पाहुणे, माझी काही तक्रार नाही. पण हरवलं असेल तर उत्तर पाठवू नका. सूरज रिकाम्या हातानं परत आला की मी समजून घेईन.

ता. क. दुसरा : वरचं सगळं लिहून पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडतो आहे. आत्ता मामांचा फोन येऊन गेला. मामींच्या साध्या बटणांच्या फोनवरून केला होता. म्हणाले, “रामहरीराव, धोंडा सपला. आयतवारी या. मागल्या बारीला लई उड्या मारल्या, आता सोडत न्हाय.” मी ‘हो’ म्हणायच्या आत त्यांनी फोन ठेवला. मी डबा उघडून दोन अनारसे खाल्ले, चांगले झाले आहेत. तेव्हा पहिल्या ता. क.चं उत्तर नाही दिलंत तरी चालेल. एवढंच करा, या रविवारी तुम्ही कळसला येऊ नका.

ता. क. शेवटचा : मामांच्या मोठ्या फोनचा चार्जर धोंड्याच्या दिवसापासून सापडत नाही आणि तशा पिनेचा दुसरा त्या घरात नाही, असं उत्कर्षा कुशाबाईला सांगत होती. तुम्ही बारामतीहून नवा घेऊन पाठवायच्या बेतात आहात, असंही कळलं. उगाच खर्चात पडू नका. तो आमच्या पिशवीत अनारशांखाली चुकून आला आहे. रविवारी संध्याकाळी, निघताना, मी आठवणीनं परत करीन.